आठवीचा नृत्यसमारंभ आणि वयात येणारी आपली मुले




पवित्र कुरआनच्या सूरह तहरीममध्ये (आयत ६) ईमानधारकांना आदेश देण्यात आला आहे की, त्यांनी स्वतःला आणि आपल्या कुटुंबीयांना नरकाग्नीपासून वाचवावे. या आदेशावर थोडे थांबून विचार केला पाहिजे. येथे 'वाचवणे' सांगितले आहे, आणि वाचवण्यात अडवण्यापेक्षा पुष्कळ अधिक काही येते. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाला दुरून ओरडणारा माणूस त्याला अडवतो. जवळ जाऊन त्याचा हात धरणारा त्याला वाचवतो. आई-बापांची जबाबदारी दुसऱ्या प्रकारची आहे. एका लहानशा वाटणाऱ्या, परंतु अनेक कुटुंबांत दरवर्षी अश्रू आणि अबोला निर्माण करणाऱ्या प्रश्नाच्या निमित्ताने या जबाबदारीचा विचार आपण करणार आहोत.

हा समारंभ म्हणजे काय?

रायगड, रत्नागिरी, मुंबई, पुणे आणि मराठवाड्यातील अनेक मुस्लिम कुटुंबे आज अमेरिका व कॅनडा येथे स्थायिक आहेत. त्यांची मुले तेथील शाळांत शिकतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सहावी ते आठवी या इयत्तांची शाळा वेगळी असते. तिला 'मिडल स्कूल' म्हणतात. नववीपासून हायस्कूल सुरू होते. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात तर प्राथमिक शिक्षणच आठवीपर्यंत चालते. त्यामुळे आठवी संपणे हा दोन्हीकडे एक टप्पा मानला जातो. त्या वेळी मुलांचे वय तेरा-चौदा वर्षांचे असते.

या टप्प्याच्या निमित्ताने मे किंवा जून महिन्यात सहसा दोन कार्यक्रम होतात. एक प्रमाणपत्रे देण्याचा, ज्याला आई-वडील व आजी-आजोबाही हजर राहतात. दुसरा संध्याकाळचा नृत्यसमारंभ. शाळेची व्यायामशाळा किंवा भोजनगृह फुगे आणि दिव्यांनी सजवले जाते, गाणी लावण्यासाठी डीजे बोलावला जातो, मुली गाऊन घालून आणि मुलगे सूट-टाय लावून येतात. कोण कोणाबरोबर जाणार, याची चर्चा वर्गात कित्येक आठवडे आधीपासून चालते. काही ठिकाणी मुलीच्या मनगटावर फुले बांधण्याची आणि भाड्याच्या लांबलचक मोटारीतून येण्याची हौसही पुरवली जाते. कार्यक्रमात अधूनमधून संथ गाणी लागतात आणि मुला-मुलींच्या जोड्या एकमेकांच्या खांद्यावर व कमरेवर हात ठेवून नाचतात.

ही प्रथा मोठ्यांकडून लहानांकडे उतरत आली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पूर्वेकडील महाविद्यालयांत 'प्रॉम' नावाचे औपचारिक नृत्यसमारंभ सुरू झाले. विसाव्या शतकात ते हायस्कूलच्या शेवटच्या वर्गांत रूढ झाले आणि पुढे त्यांचेच अनुकरण आठवीच्या मुलांपर्यंत पोहोचले. जो पोशाख, जी जोडी आणि जो थाट एकेकाळी वीस-बावीस वर्षांच्या तरुणांचा होता, तो आता तेरा वर्षांच्या मुलांच्या अंगावर चढवला जातो.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. हे समारंभ भरवणारे शिक्षक आणि पालक मुलांचे शत्रू नाहीत. शिक्षक देखरेखीसाठी तेथे उभे असतात, वेळेची मर्यादा असते, पोशाखाचे नियमही असतात. त्यांच्या दृष्टीने हा मुलांच्या कौतुकाचा कार्यक्रम आहे. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपल्याला एवढेच पाहायचे आहे की, अल्लाहने आपल्याला घालून दिलेल्या मर्यादेत हा कार्यक्रम बसतो काय?

अडचण नेमकी कोठे आहे?

इस्लाम आनंदाचा विरोधी आहे, असा समज काही मुलांचा होतो, आणि त्याला बहुधा आपल्या बोलण्याची पद्धत कारणीभूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. ईदच्या दिवशी ह. आएशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली गाणी म्हणत होत्या. ह. अबू बकर (रजि.) यांनी त्यांना दटावले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना तसे करू दिले आणि हा आपल्या ईदचा दिवस असल्याचे सांगितले. एकदा हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) स्वतः आडोसा करून ह. आएशा (रजि.) यांना ते खेळ मनसोक्त पाहू दिले. या दोन्ही घटना बुखारी व मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत आहेत. चांगल्या पोशाखाविषयी सूरह आराफमध्ये (आयत ३१-३२) स्पष्ट शिकवण आहे की, उपासनेच्या वेळी नीटनेटके व शोभिवंत असावे, खावे-प्यावे परंतु उधळपट्टी करू नये. आणि अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा कोणी निषिद्ध ठरवली, असा प्रश्नही तेथेच विचारला आहे.

म्हणजे नवे कपडे घालणे, मित्रांबरोबर हसणे, गोडधोड खाणे, वर्ष संपल्याचा आनंद मानणे यांत दोष नाही. संगीताच्या तपशिलांत विद्वानांची मतभिन्नताही आहे. परंतु परक्या मुला-मुलीने एकमेकांना हात लावून, जोडी जमवून नाचणे हा मतभिन्नतेचा विषय नाही. प्रेषित (स.) स्त्रियांकडून निष्ठेची शपथ केवळ शब्दांनी घेत; त्यांच्या हाताचा स्पर्श कधी परक्या स्त्रीच्या हाताला झाला नाही, असे ह. आएशा (रजि.) सांगतात. सूरह बनी इसराईलमध्ये (आयत ३२) व्यभिचाराच्या जवळही जाऊ नये, असा आदेश आहे. 'करू नये' आणि 'जवळही जाऊ नये' यांतील अंतर लक्षात घ्यावे. आपला तेरा वर्षांचा मुलगा नाचाच्या एका संध्याकाळी फार मोठे पाप करील, असे कोणी म्हणत नाही. परंतु जोडीदार निवडणे, नकाराची लाज, होकाराचा अभिमान, स्पर्शाची सवय आणि त्याची छायाचित्रे या सर्वांमधून 'जवळ जाण्याचा' पहिला धडा मात्र तेथे गिरवला जातो.

आणखी एक साधी गोष्ट. जून महिन्यात टोरंटोत सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो, शिकागोत साडेआठच्या आसपास. मगरिबची नमाज बहुधा याच कार्यक्रमाच्या वेळेत येते. ज्या संध्याकाळी मुलाला 'तू आता मोठा झालास' असे सांगितले जाते, त्याच संध्याकाळी त्याची नमाज गाण्यांच्या आवाजात निघून जावी, हे कोणत्या ईमानधारक पालकाला रुचेल?

चौदा आणि पंधरा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या नृत्यसमारंभाची ओढ मुलांना का वाटते? केवळ गाण्यांसाठी नव्हे. त्या संध्याकाळी सगळे जग त्यांना मोठ्यांसारखे वागवते. नवा पोशाख, आई-वडिलांनी घेतलेली छायाचित्रे, शिक्षकांचे हस्तांदोलन, या सर्वांतून एकच संदेश मिळतो: तुझे बालपण संपले, आम्ही तुझी दखल घेतली. ही दखल मिळावी, ही इच्छा गैर नाही. ती या वयाची खरी भूक आहे.

आणि ही भूक इस्लामने ओळखली आहे. प्रेषितांच्या (स.) शिकवणीनुसार मूल वयात येईपर्यंत त्याच्या कर्मांच्या नोंदीची लेखणी उचललेली असते. वयात आल्यावर ती लिहू लागते. त्या दिवसापासून नमाज व रोजे त्याच्यावर बंधनकारक होतात आणि पात्रता असल्यास हज व जकातही. वयात येण्याची शारीरिक चिन्हे दिसली तर त्या वेळेपासून, आणि ती न दिसल्यास बहुसंख्य विद्वानांच्या मते चांद्रवर्षाप्रमाणे पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर मूल प्रौढ गणले जाते. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफिई पंथाचे अनुसरण करतात, त्याचेही हेच मत आहे. पंधरा चांद्रवर्षे म्हणजे इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे सुमारे साडेचौदा वर्षे. आठवी संपवणारे मूल नेमके याच उंबरठ्यावर उभे असते किंवा तो ओलांडून गेलेले असते.

ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांची हकिगत येथे आठवावी. उहुदच्या युद्धाच्या वेळी ते चौदा वर्षांचे होते. त्यांना प्रेषितांसमोर (स.) उभे करण्यात आले, पण प्रेषितांनी (स.) त्यांना युद्धात जाण्याची परवानगी दिली नाही. खंदकच्या युद्धाच्या वेळी ते पंधरा वर्षांचे होते. तेव्हा परवानगी मिळाली. पुढे खलीफा उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांनी ही हदीस ऐकली, तेव्हा लहान आणि मोठा यांच्यातील सीमा हीच आहे, असे म्हणून त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना तसे लेखी कळवले.

या हकिगतीत दोन धडे आहेत. पहिला असा की, चौदा वर्षांच्या मुलाला प्रेषितांनी (स.) 'नाही' म्हटले. प्रेमाने वागणाऱ्या थोर शिक्षकानेही योग्य वेळी नकार दिला. दुसरा असा की, तो नकार मुलाला कायमचा बाजूला सारणारा नव्हता. पुढच्या संधीला त्याच मुलाला मोठ्यांच्या रांगेत स्थान मिळाले. नकार ऐकलेल्या मुलाला आपल्यासाठी एक जागा राखून ठेवली आहे, हे कळले पाहिजे. आपल्या घरांत नकार पुष्कळ असतात. राखून ठेवलेली जागा मात्र अनेकदा नसते. मुले दुरावतात ती येथे.

मुलगा आणि मुलगी: नियम एकच

या विषयात आपल्या समाजातील एक दोष स्पष्ट बोलला पाहिजे. अनेक घरांत मुलीला नृत्यसमारंभाला जाण्यास सक्त मनाई केली जाते, आणि तिच्याच भावाला, 'मुलगाच आहे, थोडा वेळ जाऊन येऊ दे' म्हणून मोटारीने सोडण्यात येते. हा न्याय अल्लाहच्या ग्रंथातील नाही. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आणि शीलरक्षणाचा आदेश प्रथम श्रद्धावान पुरुषांना दिला आहे (आयत ३०) आणि त्यानंतर श्रद्धावान स्त्रियांना (आयत ३१). क्रम पाहा. भावाला सूट आणि बहिणीला बंदी असे वागणाऱ्या घरात मुलगी एवढेच शिकते की, धर्म हे तिला अडवण्याचे साधन आहे. आणि मुलगा शिकतो की, लज्जा ही फक्त बहिणीची जबाबदारी आहे. दोघांचेही नुकसान होते.

निरोपाच्या हजच्या वेळी ह. फजल बिन अब्बास (रजि.) हे तरुण प्रेषितांच्या (स.) मागे उंटावर बसले होते. एक स्त्री आपल्या वृद्ध पित्याच्या हजविषयी प्रश्न विचारण्यास आली. फजल तिच्याकडे पाहू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांचा चेहरा हाताने दुसरीकडे वळवला. स्त्रीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. तिला तेथून घालवून दिले नाही. वळवला गेला तो तरुणाचा चेहरा. मुलग्यांच्या पालकांनी ही हदीस वारंवार वाचावी.

नकार कसा द्यावा?

मुसनद अहमदमध्ये ह. अबू उमामा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस आहे. एक तरुण प्रेषितांकडे (स.) आला आणि त्याने चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली. उपस्थित लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी (स.) मात्र त्याला जवळ बोलावले, बसवले आणि विचारले की, ही गोष्ट तुझ्या आईसाठी तुला आवडेल काय? मुलीसाठी? बहिणीसाठी? आत्या आणि मावशीसाठी? प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला. मग प्रेषितांनी (स.) त्याच्यावर हात ठेवून त्याच्या पापक्षमेसाठी, अंतःकरणाच्या शुद्धतेसाठी आणि शीलरक्षणासाठी प्रार्थना केली. त्यानंतर त्या तरुणाचे मन पुन्हा त्या गोष्टीकडे वळले नाही.

आपला मुलगा किंवा मुलगी याच्या तुलनेत किती साधी गोष्ट मागत आहे! आणि आपला आवाज मात्र किती चढतो! या हदीसच्या प्रकाशात पालकांनी पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, हा विषय मे महिन्यात परवानगीचा कागद घरी आल्यावर काढू नये. सहावी-सातवीतच तो सहज बोलण्यात यावा. सातव्या वर्षी नमाजची सवय लावावी आणि दहाव्या वर्षी तिच्याबाबत कडक व्हावे, मुलांची अंथरुणे वेगळी करावीत, ही प्रेषितांची (स.) शिकवण हेच दाखवते की, वयात येण्याची तयारी कित्येक वर्षे आधी सुरू होते.

दुसरी, मुलाचे पूर्ण ऐकून घ्यावे. पुष्कळ मुलांना नाचायचे नसते. आपण एकटे पडू, सोमवारी सगळे त्या रात्रीच्या गोष्टी सांगतील आणि आपण गप्प बसू, याची त्यांना भीती असते. ती भीती खरी आहे. 'त्यात काय एवढे' म्हणून ती उडवून लावू नये.

तिसरी, कारण सांगावे. 'लोक काय म्हणतील' हे कारण नाही. जातभाईंच्या भीतीने थांबलेले मूल जेथे जातभाई नाहीत तेथे थांबत नाही. सूरह लुकमानमध्ये (आयत १३ ते १९) ह. लुकमान आपल्या पुत्राला मायेने संबोधून उपदेश करतात आणि अल्लाहपासून मोहरीएवढी गोष्टही लपत नाही, हे त्याच्या मनावर बिंबवतात. तीच जाणीव मुलाला शाळेच्या दाराआड सांभाळते.

चौथी, मुलाला बोलायचे शब्द द्यावेत. मित्रांनी विचारल्यास लाजत खोटी सबब सांगण्याऐवजी, 'आमच्या धर्मात अशा प्रकारे नाचत नाहीत, पण प्रमाणपत्राच्या कार्यक्रमाला मी नक्की येणार आहे' असे एक स्वच्छ वाक्य पुरते. शिक्षकांनाही पालकांनी दोन ओळींची नम्र चिठ्ठी लिहावी. हा समारंभ सर्वसाधारणपणे ऐच्छिक असतो. त्याला गुण नसतात आणि न गेल्याने हायस्कूलच्या प्रवेशाला बाधा येत नाही.

पाचवी, सरसकट सर्वच गोष्टींना नकार देऊ नये. प्रमाणपत्राचा कार्यक्रम, शिक्षकांचे आभार, वार्षिक पुस्तिकेवर मित्रांच्या सह्या, वर्गाचे छायाचित्र यांत मुलाने आनंदाने सहभागी व्हावे. जेथे मर्यादा मोडते तेथेच थांबावे. दहापैकी नऊ गोष्टींना होकार देणाऱ्या पालकाच्या एका नकाराला वजन असते.

त्याऐवजी काय?

प्रेषित (स.) मदीनेस आले तेव्हा तेथील लोक वर्षातील दोन दिवस खेळ-करमणुकीत घालवत. ह. अनस (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की, अल्लाहने त्या दोन दिवसांच्या बदल्यात त्यांना अधिक चांगले दोन दिवस दिले आहेत: ईदुल अजहा आणि ईदुल फित्र. जुने काढून घेताना हात रिकामा ठेवला नाही. सुधारणेची ही प्रेषितीय पद्धत आहे.

अमेरिकेतील काही मुस्लिम मुलींनी हे आपल्या परीने करून दाखवले. मिशिगन राज्यातील हॅमट्रॅमक या गावातील हायस्कूलच्या विद्यार्थिनींनी २०१२ साली केवळ मुलींसाठीचा समारंभ भरवला. मुस्लिम मुलींना तेथे पर्द्याची चिंता न करता नटता आले, आणि त्यांच्या बिगरमुस्लिम मैत्रिणीही आल्या. अशा प्रयत्नांच्या तपशिलांबाबत कोणाचे मत वेगळे असू शकेल. परंतु तक्रार करत बसण्याऐवजी मुलींनीच पुढाकार घेतला, ही गोष्ट दखल घेण्यासारखी आहे.

आपल्या घरापुरते करणे तर आणखी सोपे आहे. आठवी संपल्याच्या आठवड्यात एक संध्याकाळ त्या मुलासाठी राखून ठेवा. त्याला नवे कपडे घ्या. मुलीच्या मैत्रिणींना, मुलाच्या मित्रांना जेवायला बोलवा. शाळेतील बिगरमुस्लिम मित्रांनाही. बिर्याणी करा, कोकणातले असाल तर सांदण करा. गावाकडच्या नानी-दादींना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि त्यांच्याकडून दुआ घ्या. मगरिबची नमाज सर्वांनी मिळून पढा. मुलगा असेल तर अजान त्याला देऊ द्या. मग वडिलांनी आणि आईने चार वाक्ये बोलावीत: आजपासून तुझी नमाज तुझी, तुझे रोजे तुझे, घरातील सल्लामसलतीत तुझे मत विचारले जाईल, या वर्षी घरातून निघणारा सदका कोठे द्यायचा हे तू ठरव. आणि मग तसे खरोखरच वागा. संध्याकाळ विसरली जाईल. पण पुढच्या महिन्यात वडिलांनी एखाद्या गोष्टीत 'तुला काय वाटते?' असे विचारले, हे मूल विसरणार नाही.

मात्र यातही दिखावा शिरू देऊ नये. सूरह बनी इसराईलमध्ये (आयत २७) उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे बंधू म्हटले आहे. दुसऱ्यांच्या भाड्याच्या मोटारीला नावे ठेवून आपण भाड्याचा हॉल घेतला तर आपण काय मिळवले?

येथील वाचकांसाठी

हा विषय परदेशाचा आहे म्हणून आपल्या येथील पालकांनी निश्चिंत राहू नये. आपली नातवंडे, भाचे-पुतणे तेथे वाढत आहेत. त्यांच्या आई-वडिलांना फोनवरून टोमणे देण्याऐवजी धीर देणे हे आपले काम आहे. शिवाय आपल्याकडेही दहावीचा निरोप समारंभ आणि स्नेहसंमेलनातील नाच घरोघरी परिचयाचे आहेत. प्रश्न तोच आहे आणि उत्तरही तेच.

घरात एकत्र बसून चर्चा करण्यासाठी

१. आपल्या घरात मुलाला 'तू मोठा झालास' हे आपण शेवटचे कधी आणि कशा प्रकारे सांगितले?
२. भाऊ आणि बहीण यांच्यासाठी आपले नियम सारखे आहेत काय? नसल्यास त्याचा आधार कोणता?
३. मागील वर्षभरात आपण मुलांना कोणत्या गोष्टी नाकारल्या, आणि प्रत्येकीच्या बदल्यात काय दिले?
४. मुलांनी सांगावे: घरी मोकळेपणाने बोलता येत नाही असा कोणता विषय आहे?

सूरह कहफमध्ये (आयत १३) ज्या तरुणांचा गौरव झाला आहे, त्यांनीही आपल्या भोवतालच्या समाजापेक्षा वेगळा मार्ग धरला होता. परंतु ते एकटे नव्हते, एकमेकांच्या सोबतीने उभे होते. आपल्या मुलांना ती सोबत सर्वप्रथम घरातून मिळो. अल्लाह तआला आपल्या मुला-मुलींच्या शीलाचे व ईमानाचे रक्षण करो, आपल्या जिभेला मार्दव आणि आपल्या निर्णयांना न्याय देवो, आणि आपली संतती आपल्या डोळ्यांचा थंडावा ठरो. आमीन.